फोटोचा खिळा

३ नोव्हेंबर

पाटीवर चाळीस पेन्सिली एकदम करकरायच्या, गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे आणि सगळा वर्ग एका चालीत कविता म्हणू लागायचा. साठ वर्षं झाली त्याला. आज या रिकाम्या घरात पाऊल टाकलं, माझ्याच चपलांचा आवाज घुमला, आणि तो वर्ग जसाच्या तसा कानात उभा राहिला. मन कसं हलकं झालं.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर नुसती गच्ची. नळ पाच, त्यातला एक ठिबकतो. दारं चार, न्हाणीघराचं खालून फुगलंय. ताब्याच्या यादीत हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, कारण लेकीची ताकीदच होती, की बाबा, सही करण्याआधी नळ सोडून बघा, बटणं दाबून बघा, आणि खिडकीतून ढग बघत बसू नका. मी म्हटलं, चिमणे, ढग यादीत नाहीत, ते जादा मिळालेत. ती हसली नाही. तिला मी तिच्याकडेच राहायला हवा आहे. पण हिला, चिमणीच्या आईला, जाऊन वर्ष झालं तरी मी हिच्याशी मोठ्याने बोलतो, आणि तिथे मी बोलू लागलो की जावई टीव्हीचा आवाज वाढवतो. मार्चपर्यंत एकट्याने राहून दाखवायचं, नाही जमलं तर मुकाट्याने तिच्याकडे जायचं, असं ठरलंय.

घरमालकीणबाई लाख माणूस. भिंतीला हात लावाल तर खबरदार, म्हणणारे मालक जन्मभर पाहिले. या बाईंनी हिचा फोटो आपणहून हातात घेतला, काच पुसली, पुढच्या खोलीतली भिंत दाखवली आणि म्हणाल्या, इथे ठोका की बिनधास्त, फोटोशिवाय घर ओकंबोकं वाटतं. घर एकट्या माणसालाच देतात म्हणे. एकटी माणसं घर जपतात.

४ नोव्हेंबर

खिळा ठोकला. ठोकण्याआधी भिंत बोटाने वाजवून बघायची असते, आत वायर आहे का, पोकळ आहे का. दर नव्या घरात ही मला तेच सांगायची आणि दर वेळी मी विसरायचो. आजही विसरलो. एका घावात आत गेला, लोण्यात जावा तसा.

संध्याकाळी फोटोसमोर खुर्ची ओढून बसलो. आमचा जुना खेळ. शाळेतल्या कवितेची पहिली ओळ मी म्हणायची, दुसरी हिने. दिवसभर ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठी शिवून मी घरी यायचो, चप्पल काढता काढता पहिली ओळ टाकायचो, आणि आतून भांड्यांच्या आवाजातून दुसरी यायची. एकदासुद्धा चुकली नाही. आज दोन्ही मीच म्हटल्या.

९ नोव्हेंबर

फोटोखाली ओल आली आहे, वीतभर. रंगाला पोपडे धरलेत. आणखी एक गंमत म्हणजे शाळेतल्या नदीच्या कवितेची दुसरी ओळ दिवसभर आठवली नाही. जिभेवर होती. वय झालं, दुसरं काय.

लेकीला ओलीचं सांगितलं नाही. लगेच म्हणेल, बघा.

१२ नोव्हेंबर

प्लंबर येऊन गेला. मोठा बोलका. म्हणाला, आजोबा, भिंत आणि सासू का रुसल्या ते बाहेरून कळत नाही, आत शिरावं लागतं. वरून रंग फासू नका, तो म्हणजे मळक्या तोंडाला पावडर. पाणी येतं कुठून ते आधी शोधायचं. गच्ची पाहिली, कोरडी ठणठणीत. या भिंतीत पाइपच नाही. मग त्याने सगळे नळ बंद करायला लावले आणि मला मीटरपाशी नेलं. नळ बंद असताना काटा हलला तर समजायचं, कुठेतरी गळतंय.

काटा हलत होता. उलटा.

त्याने मीटरवर टिचकी मारली, बिघडलंय म्हणाला. पण परत येऊन त्याने पोपडे खरवडले. माझ्या खिळ्याभोवती पुट्टीने बुजवलेली सात भोकं होती, सगळी फोटोच्या उंचीवर. त्याने बोटाने भिंतीचं पाणी चाखलं. खारट. जाताना हळूच म्हणाला, की या घरात तो आधीही येऊन गेलाय, दर वेळी कुणीतरी एकटं माणूस, दर वेळी त्याच्या कुणाचा तरी फोटो. आजोबा, आजच्या आज खिळा काढा, भोक बुजवा आणि लेकीकडे जा. पुट्टीचं पाकीट ठेवून गेला. निघताना पाणीसुद्धा प्यायला नाही.

१३ नोव्हेंबर

पुट्टी कालवली. खिळ्याला हात घातला. सवयीने तोंडातून एक पहिली ओळ गेली.

भिंतीतून दुसरी आली.

बारीक, ओली, पण हिचीच. शेवटच्या शब्दावर जरा थांबायची सवय, तीही हिचीच. मी कान लावून उभा राहिलो, गाल भिजला. तीच ओळ स्वतःशी म्हणायला गेलो तर ती माझ्यात नव्हती. तिच्या जागी काहीच नव्हतं.

म्हणजे जे माझ्यातून जातंय ते तिथे साठतंय. भोक बुजवलं तर सगळं आत कोंडून जाईल, हिच्यासकट. पुट्टी वाडग्यातच घट्ट होऊ दिली.

१९ नोव्हेंबर

ओल छतापर्यंत चढली. खुर्ची भिंतीला टेकवून बसतो. आज ही लग्नातलं बोलली, मी बुटाचे बंद एकमेकांत बांधून पडलो होतो म्हणे. ऐकून खूप हसलो. मला आठवत नव्हतं. कुणा दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तसं ऐकलं.

घरमालकीणबाई आल्या होत्या. भिंतीवरून हात फिरवला, छान धरलीय म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर

फोटोतला चेहरा विरघळतोय. काचेच्या आत पाणी. हिचं नाव लिहायला घेतलं, आणि पेन तसंच —

भिंतीला विचारलं. तिने सांगितलं. लिहीपर्यंत गेलं.

२७ नोव्हेंबर

फोन. एक बाई रडत होती. म्हणाली, मी चिमणी बोलतेय. मी म्हटलं, चिमण्या बोलू लागल्या का आता. रविवारी न्यायला येते म्हणाली. कुणाला न्यायला, ते विचारायचं राहिलं. आवाज ओळखीचा वाटला. भिंतीला विचारायला हवं.

३० नोव्हेंबर

पहिली ओळ येत नाही. एकही.
भिंत वाट बघते. मी काय म्हणू —

बोटं भिंतीत जातात. मऊ. दुखत नाही.

तारीख

आतून खोली छोटी दिसते. इथे आणखी सात जण आहेत. कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही. ती कुठे — इतके आवाज, त्यातला तिचा कोणता ते मला —

तारीख

वही बाहेर, खुर्चीच्या गादीखाली, अजून कुणाला दिसलेली नाही. पेन चालतं अजून. खिळा काढलेला. भोक बुजवलेलं. वर नवा रंग.

तारीख

कडी वाजली. दार उघडलं. घरमालकीणबाई, आणि बरोबर एक अनोळखी बाई. डोळे सुजलेले. काखेत एक चौकट, कागदात गुंडाळलेली.

ती सांगतेय, रविवारी आले तेव्हा फक्त चष्मा होता खुर्चीवर. दोन महिने सगळीकडे शोधलं. आता घरी थांबवत नाही, नवराही नको वाटतो, थोडे दिवस इथेच राहते, बाबा होते तिथे. घरमालकीणबाई म्हणतात, रहा ना, एकट्याच ना?

कागद सोडला. एका म्हाताऱ्याचा फोटो. मी ओळखत नाही त्याला. ढगांकडे बघतोय. ती त्याच्या कपाळाला ओठ लावते आणि विचारते, आईचा होता तिथेच लावू का.

ठोका की बिनधास्त, म्हणतात बाई.

माझ्या छातीवर बोट ठेवून ती जागा बघतेय. हातोडी उचलली. बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण ही वही वाचा, आधी वाचा, इथे खिळा —