ऊन दाखवलेल्या रेकॉर्डी

१४ फेब्रुवारी १९८८, रविवार
मंदा नांदेडहून आली. धाकट्या बहिणीचा पाय घरात टिकत नाही, तासाभरात निघाली. जाताना हातात कॅसेट ठेवली. "ताई, तुझी सगळी आवडती गाणी भरून आणलीत बघ." खरंच होती. ज्या एका गाण्याच्या रेकॉर्डसाठी मी लग्नाआधी हैदराबादच्या जुन्या बाजारात दोन सुट्ट्या पायपीट केली, ते गाणं दुसऱ्या बाजूला तिसरं. मटार सोलता सोलता ऐकून झालं.
मंदा म्हणे, आता ती रेकॉर्डींची पेटी कशाला ठेवलीस? मी हसले. ती गेल्यावर मात्र कुणीतरी थट्टा केल्यासारखं वाटत राहिलं. तिचा दोष नाही. कॅसेटचाही नाही. चांगली वाजते मेली.

२ मार्च
शाळेतून आल्यावर प्लेअर उघडला. मागच्या पावसाळ्यानंतर आज. एक रेकॉर्ड वरच राहिलेली होती, तीच लावली. अर्ध्यातून सुई उचलली.
पूर्वी पगार झाला की पिंगळीच्या शाळेतून पॅसेंजरने परभणीला उतरायचं आणि घरी यायच्या आधी स्टेशनजवळच्या दुकानात. मालक विचारणार, "बाई, गाणे का डायलॉग?" परभणीत डायलॉगवाली मी एकटीच असेन. अख्खा पिक्चर रेकॉर्डवर, फक्त चित्र नाही. त्यातही माझी 'कोर्टाची जोडी' सगळ्यात लाडकी. दोन रेकॉर्डी, चार बाजू. एक जजसाहेब, आणि त्यांनी तरुणपणी टाकून दिलेली बायको, जी आता त्यांच्याचपुढे आरोपी म्हणून उभी आहे. किती वेळा लावली असेल.
आज ती काढावीशीसुद्धा वाटली नाही. शौक असा संपतो? भांडण नाही, काही नाही. कळलंदेखील नाही.

२० मार्च, रविवार
आमचे प्र. सकाळी शेजारी टीव्ही बघून आले आणि खोलीत उभे राहून भिंत मोजायला लागले. टीव्ही ठेवायचा तर पेटीची जागा लागणार. सोनपेठचे दगडूआप्पा, लग्नात लाऊडस्पीकर लावतात ते, जुन्या रेकॉर्डी घेतात म्हणे. प्र.च्या ऑफिसातल्या कुणाचे पाहुणे.
"देऊन टाकू का?"
मी म्हटलं, टाका.
इतक्या पटकन म्हटलं की प्र.ही बघत राहिले. आत्याबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. सूप उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाईच त्या, पेटी जाणार म्हणून आनंद झाला असणार.

५ एप्रिल
नामांतराचा मोर्चा, गाव बंद, शाळा नाही. काल स्टाफरूममध्ये त्यावरून दोघे हमरीतुमरीवर आले, आता महिनाभर चहाला वेगवेगळे बसतील. डोकं दुखतंय.
घरी बसले म्हणून पेटी उघडली. कव्हरांवर पांढरी बुरशी. मागच्या पावसाळ्यातली ओल. हात लावला तर बोटांना पीठ. झाकण लावून टाकलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या.
"खराब झाल्या का गं?"
"जाऊ द्या. जायच्याच आहेत आता."

२३ एप्रिल

पेपर तपासून दुपारच्या गाडीने आले. बाहेर भाजत होतं. घरात कुणी नाही, म्हणून गच्चीवर गेले. गोधड्या. तुरीची डाळ. कुरडया. आणि कुरडयांच्या पलीकडे धुतलेल्या धोतरावर, ओळीने, माझ्या रेकॉर्डी. पापड वाळत घालावेत तशा.
सगळ्या वाकल्या होत्या. कुणाची वाटी, कुणाची पन्हळ. एक उचलली तर हातात मऊ लागली.
आत्याबाई सावलीला कावळे हाकत बसलेल्या. "त्यायला बुरशी आलती, नलू. ऊन दाखवायले जरा."
मी ओरडले. खाली गल्लीत ऐकू गेलं असेल. मुद्दाम केलंत म्हटलं. माझं काहीच तुम्हाला कधी बघवलं नाही म्हटलं. आणखीही बरंच. त्या नुसत्या काठी धरून उभ्या राहिल्या.

२४ एप्रिल
बोलणं बंद. ताट वाढते, त्या जेवतात, संपलं.
मुद्दामच केलं. मला खात्री आहे. सोळा वर्षं बघते आहे मी. रेकॉर्ड लागली की त्या कधी आमच्यात येऊन बसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी बसणार, तेही भिंतीकडे तोंड करून. पाठ आमच्याकडे. सासरे वालूरला मास्तर होते, ते गेले तेव्हा प्र. पाळण्यात होते. तेव्हापासून आत्याबाईंनी टॉकीजची पायरी चढलेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मीच एकदा चला म्हटलं होतं, तर म्हणाल्या, आमाला काय करायचंय. ज्याला सिनेमाच पटत नाही, तो रेकॉर्डी उन्हात घालणारच.

२७ एप्रिल
प्र. आज म्हणाले, "तशाही विकायच्याच होत्या ना?"
बरोबर आहे. हिशेबाने बघितलं तर माझं काहीच गेलं नाही. मग चार दिवस मी का रडते आहे?
त्या उन्हात पडलेल्या बघितल्या तेव्हा एकेक ओळखू येत होती. कव्हराशिवाय. ही मनमाडला गाडी चुकली तेव्हा घेतलेली, ही मंदाच्या लग्नाच्या गडबडीत. कॅसेटमधली गाणी मला अशी ओळखता येतील का? संपला म्हणत होते तो शौक. कुठे संपलाय. आणि आता काय उपयोग.

१ मे, रविवार
आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.
दूधवाला ओट्यावर. आत्याबाईंनी बोट बुडवून दूध बघितलं.
"पाणी घातलंस."
"आन घेतो मावशी, थेंब न्हाई."
तर आत्याबाई एकदम ताठ झाल्या, भुवया वर, आणि खणखणीत आवाजात, "अदालत को गुमराह मत कीजिए, वकीलसाहब!"
दूधवाल्याच्या हातातलं माप हिंदकळलं. मी दारात. तो डायलॉग माझ्या कोर्टाच्या जोडीतला, दुसऱ्या बाजूचा, जजसाहेबांचा. तोच ठेका, 'गुमराह'वर तोच जोर.
मागे वळल्या तर मी दिसले. पदर तोंडाला लावून आत पळाल्या. हे वय, आणि पळाल्या.
आठ दिवसांनी पहिलं वाक्य मीच बोलले. "आत्याबाई, तुम्ही ऐकायचात?"
"मंग काय बहिरी हाव का?"
"आणि भिंतीकडे तोंड करून?"
चुलीवरचं दूध उतू जायच्या बेताला आलं, ते उतरवलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं बघितलं तं तुमी दिसता. भिंतीकडं बघितलं तं पिक्चर दिसतो."
दुधावर झाकण ठेवत त्याच पुढे म्हणाल्या,
"तू तं लावनाच झालीस. साल झालं. मी कोन्या तोंडानं म्हनू, लाव म्हनून? म्हन्लं बुरशी निघाली तं लावशील."
मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

६ मे
सुट्टी लागली. वाकलेली रेकॉर्ड सरळ होते म्हणे. दुकानाच्या मालकाने सांगितलं, काचेच्या दोन तावदानांत दाबून ऊन द्यायचं. ज्या उन्हाने घालवलं त्याच उन्हात पुन्हा. घरातल्या दोन फोटोंच्या काचा काढल्या.
पहिली: वर पाटा ठेवला, वजन हवं म्हणून. मोडली. दुसरी: आत्याबाई म्हणाल्या काढ, मी म्हटलं थांबा. मी चुकले, गाणं विरघळलं, सुई नुसती घसरते. तिसरी: मी म्हटलं काढू, त्या म्हणाल्या थांब. त्या चुकल्या. दोघींची बरोबरी झाली.
चौथी सपाट! तांदळाच्या डब्याखाली गार होऊ दिली. लावली तर गाणारी जराशी झोके घेते, पण गाते. आत्याबाई म्हणाल्या, हिला पाळण्यात बसवली का काय. दोघी किती हसलो.
प्र. गच्चीवर आले, काचा बघितल्या, आमच्याकडे बघितलं, खाली गेले.

१२ मे
रोज दोन-तीन होतात. कुरडया यंदा आमच्याकडून काळ्या पडल्या, कुणाचं लक्ष नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत वर जायचं म्हणून मी लवकर उठते. शाळेसाठी कधी इतकी उठले नाही.
कोर्टाच्या जोडीतली पहिली रेकॉर्ड आज निघाली. जजसाहेब थोडे प्यायल्यासारखे बोलतात, पण शब्द न् शब्द कळतो. आत्याबाई दाराशी, भिंतीकडे तोंड करून. आज मीही तिथेच जाऊन बसले, तसंच तोंड करून. पोपडे आलेली भिंत. हळूहळू दिसायला लागलं खरं.
शेवट दुसऱ्या रेकॉर्डवर. उद्या.

१३ मे
तडकली. माझ्याच हाताने. गार होईपर्यंत धीर नव्हता, काच उचलली आणि कडेपासून मधल्या भोकापर्यंत चीर.
आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मी त्यांना जेवढं बोलले होते, त्याच्या शंभराव्या हिश्शाचंही नाही. चिरलेली रेकॉर्ड हातात घेऊन पदराने पुसत बसल्या.
संध्याकाळी दुकानात गेले. मालकाने फळ्या दाखवल्या, सगळ्या कॅसेटी. "डायलॉग आता कोण ऐकतं बाई, टीव्ही आहे ना." तरी मी खालचे खोके उपसले. गुडघे धुळीने माखले. नाही मिळाली. पण खोके उपसताना मन ताळ्यावर होतं, हे खरं.

१९ मे
वीज नव्हती. संध्याकाळ, दोघी दाराशी. मी म्हटलं, शेवट मला नीट आठवतही नाही. आत्याबाई म्हणाल्या, मला येतो.
आणि सुरू झाल्या. अख्खी तिसरी बाजू, मग चौथी. वकील, शिपाई, म्हातारी साक्षीदार, सगळे. निजामाच्या राज्यातलं बालपण, त्यामुळे उर्दू माझ्यापेक्षा साफ. हातोड्याचा आवाज पाटावर बोटांनी.
शेवटी ती बायको पिंजऱ्यात उभी. जज तिला ओळखत नाहीत. विचारतात, आपके शौहर का नाम?
आत्याबाई थांबल्या.
"पुढे?"
"पुढं ती नाव घेती. जोरात."
"मग घ्या ना."
"मी कसं घेऊ?"
मला कळेना. आणि मग कळलं. त्या जजसाहेबांचं नाव आणि माझ्या सासऱ्यांचं नाव एकच. प्र.च्या नावापुढे रोज लिहिलं जाणारं नाव, किराण्याच्या पिशवीवरसुद्धा असलेलं, आणि मला कधी लक्षातच आलं नाही. आत्याबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात तोंडाने घेतलेलं नाही. वालूर सुटलं, तेव्हापासून सासऱ्यांना त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. फक्त रेकॉर्डवरची ती बाई. सुई त्या जागी पोचली की ती भर घरात हाक मारायची. आणि मी पेटीला झाकण लावून बसले होते.
आत्ता वर वाचून पाहिलं. ते नाव मीही इथे कुठे लिहिलेलं नाही.

२२ मे, रविवार
दगडूआप्पा टेम्पो घेऊन आले. त्यांना नको म्हणून कळवायचं राहूनच गेलं. पेटी उघडून म्हणाले, "बाई, ह्या वाट्यात काय आमटी वाढू?"
मी म्हटलं, विकायच्या नाहीत. तुमच्याकडे डायलॉगच्या आहेत का? कोर्टाच्या पिक्चरची दुसरी रेकॉर्ड?
"लग्नात डायलॉग कोन लावतंय? पन एका लॉटात आलत्या काही. गोदामात असतीन. उंदरानं सोडल्या असल्या तं. मला नावं वाचाया कुठं टाइम हाय, सराई चालू हाय. तुमीच या, उपसा."
प्र. मध्येच म्हणाले, "आणि टीव्हीचं?" मग स्वतःच म्हणाले, पेटीवर ठेवता येईल. अजून रुसलेलेच आहेत.

२३ मे
उद्या सकाळच्या एसटीने सोनपेठ. आत्याबाईंनी विचारलं, मी येऊ का. रेकॉर्ड शोधायला बाहेर पडणं त्यांना चालेल का, मला वाटलं. त्यांची पिशवी भरून झालेली होती. धपाटे, पाण्याची बाटली, रेकॉर्ड गुंडाळायला जुनं धोतर.
मी म्हटलं, "आत्याबाई, नाहीच सापडली तर?"
"तं तू घे नाव. मी बाकीचं म्हनन, तू तेवढं घे."
"सासऱ्याचं नाव सुनेनं कसं घ्यायचं?"
थोडा विचार केला त्यांनी. म्हणाल्या, "घरात न्हाई चालत. कोर्टात चालतंय."