शिंकेची कविता आणि तिचे टीकाकार

सौ. ताईस,

चादरींच्या वाफेत उकडून निघालेल्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. मी ठीक आहे (ठीक म्हणजे उभा आहे, एका जागी बसणं हल्ली जमत नाही, हे पत्रसुद्धा ओट्यापाशी उभ्याउभ्या लिहितोय). तुझे गुडघे काय म्हणतात? मुलं अभ्यास करतात की नुसती पुस्तकं उघडी ठेवतात? भाऊजींबद्दल शेवटी लिहितो, आत्ता लिहायला हात धजत नाही. तू इतके दिवस काहीच कळवलं नाहीस, त्याअर्थी माझी कविता तुझ्यापर्यंत पोहोचली असणार.

ती झाली कशी, ते ऐक. हॉटेलच्या तळघरात आमची लाँड्री. वरचे पाहुणे ज्या चादरींवर लोळतात त्या मी दिवसभर गरम रोलरखालून काढतो. हात गुंतलेले, डोकं मोकळं. अशात फोनवर आपल्याकडची बातमी ऐकली, की साहेबांना सर्दी झाली म्हणून शाळाशाळांतून प्रार्थना ठेवल्यात. (साहेब म्हणजे कोण ते लिहीत नाही. पत्रं हल्ली बरेच लोक वाचतात.) माझं डोकं फिरलं. साहेबांच्या जागी नुसती खुर्ची घातली आणि सुटलो:

खुर्चीला झाली सर्दी, घरोघर रुमाल वाटले,
ज्याला शिंक नाही आली, त्याला शिपायांनी गाठले.

पुढे खुर्चीला ताप येतो, मंत्री एकमेकांचं कपाळ चाचपतात, वगैरे. कविता वाढतच गेली. एका मासिकाला पाठवली, त्यांनी छापली, आणि मला वाटलं आता तिकडे भूकंप होणार.

इथे आपल्या लोकांचं एक मंडळ आहे. गॅरेजच्या वरच्या खोलीत जमतात. तिथे मी कविता वाचली. दुसऱ्या कडव्याला अध्यक्ष उठले आणि त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. मी संपवल्यावर एक निवृत्त मास्तर खाकरले आणि म्हणाले की चौथ्या कडव्यात एक मात्रा कमी पडते. झालं! अर्धे म्हणाले पडते, अर्धे म्हणाले पडत नाही. लोक बोटांवर मात्रा मोजू लागले, हातघाईवर आले, आणि एकमेकांशी न बोलता घरी गेले. साहेबांचा विषय कोणी काढला नाही. जिन्यात अध्यक्षांनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाले, "कविता झकास आहे. पण मी आज इथे आलो नव्हतो, बरं का."

तिकडच्या एका टीकाकाराने लिहिलं की परदेशात उबेला बसून शिंकणं सोपं असतं. (उबेबद्दल मला काही म्हणता येईना. लाँड्रीत ऊब आहे.) इकडे माझ्या घरमालकिणीच्या मुलीने हौसेने दोन कडव्यांचं इथल्या भाषेत भाषांतर केलं, तर नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने त्यातली रुमालाची ओळ उचलून दवाखान्यात लावली. वर रुमाल धरलेल्या सशाचं चित्र. डॉक्टरीणबाईंनी माझं अभिनंदन केलं. म्हणाल्या, उपदेश फार गोड शब्दांत केलाय.

आणि मग आपल्या वकिलातीतून बोलावणं आलं. पासपोर्ट नव्याने करायला दिलेला, तो त्यांच्याकडेच. ताई, मी उशी न घेता झोपायचा सराव केला (तुरुंगात देतात की नाही, कोण जाणे). गेलो. समोर गुबगुबीत अधिकारी, टेबलावर माझी कविता. मला बसवून म्हणाला, "साहेबांना फार आवडली. आधीच्या साहेबांची काय खेचलीत हो!"

कुठून बळ आलं कोण जाणे, म्हणालो, "आधीचे नाहीत. हेच."

तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. "कवीबुवा, तुमची जीभ म्हणजे!" असं म्हणून त्याने शेजारच्या खोलीतल्यांना बोलावलं आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो. सगळे हसले. मग फोटो काढला. पासपोर्ट हातात दिला.

फोटो छापून आला. त्याच टीकाकाराने आता मला दरबारी कवी म्हटलंय. अध्यक्षांचा फोन आला, "त्या दिवशी वाचनाला मी पहिल्या रांगेत होतो, विसरू नका." मी आपला खोलीत येरझाऱ्या घालतो आणि कविता पुन्हा पुन्हा वाचतो. तिच्यात मी नक्की काय लिहिलंय, याचीच शंका यायला लागली आहे.

मुलांना गोड पापा. गुडघ्यांना जप.

तुझा,
लाँड्रीतला

ता. क. भाऊजींची बदली माझ्या कवितेमुळे झाली, हे मला मुलांकडून कळलं. नोटिशीत कारण नाही म्हणे. त्या डोंगरापलीकडच्या शाळेत ते एकटे राहतात, हातानं स्वयंपाक करतात आणि तुला सांगतात की हवा छान आहे. ताई, इतक्या लोकांनी ती कविता वाचली, पण तिचा बरोबर अर्थ लावला तो फक्त शिक्षण खात्याने.

दुसरा ता. क. त्या अधिकाऱ्याला मी बदलीचं सांगितलं. म्हणाला, खालच्या लोकांचा गैरसमज झाला असेल, एका फोनचं काम आहे. फक्त साहेब इकडे दौऱ्यावर येतायत, तेव्हा स्वागताच्या चार ओळी लिहून द्या. यासाठीच एवढं लांबलचक पत्र. लिहू का? भाऊजींना विचारू नकोस, ते नाहीच म्हणतील. तू सांग.

तिसरा ता. क. न राहवून चार ओळी लिहून पाहिल्या. द्यायच्या की नाही ते तू ठरव. पण ताई, त्या फार सुंदर झाल्यात गं.