विहिरीतली मुलगी वर आली का

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पुस्तक उघडलं की आधी तुमचीच भीती वाटते. महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हा तुम्ही घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यावर शिकवायला आलात. मी चौथीत होते आणि स्वतःला मोठी शहाणी समजत होते. घरी आमची बंजाऱ्यांची गोरबोली, पण मराठी अशी धडाधड वाचायची की तपासणीचे साहेबसुद्धा मान डोलवत. तुम्ही मात्र विहिरीत अडकलेल्या मुलीची गोष्ट वाचून घेतलीत आणि म्हणालात, "आता हेच तुया घरच्या बोलीत सांग. हळू." मी तोंड उघडलं आणि गप्प झाले. काय वाचलं ते मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत, पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत. एक ओळ वाचायची, ती आपल्या बोलीत सांगायची, मगच पुढची. अर्ध्यावर आलो आणि दोर कुजलाय हे मी आईच्या, माझ्या याडीच्या, शब्दांत बोलले, तेव्हा त्या दोराला मीच लटकत होते.

मग मी विहिरीवर पाण्याला जाईना. याडीनं दटावून विचारलं तेव्हा रडत रडत तिला ती अर्धी गोष्ट सांगितली. ती तडक शाळेच्या दारात. "बाई, काय शिकवून राह्यल्या पोरीले? इहिरीवर पाय ठेवत नाही. बस झाली शाळा. उद्यापासून कापूस वेचाले नेतो तिले." मी भिंतीला चिकटून उभी आहे, काहीतरी बोला म्हणून मनात तुमच्या पाया पडते आहे. तुम्ही बोलत नाही. याडी जायला वळते, थांबते आणि पडेल आवाजात विचारते, "मंग थे पोट्टी वर आली का?"

"थे मी नाही सांगत. तुमची पोट्टी शाळेत आली, त तीच वाचून सांगन तुमाले."

याडी गेल्यावर तुम्ही तांब्या तोंडाला लावलात आणि पाणी पदरावर सांडलं. तुम्हीही घाबरला होतात, हे कळायला मला स्वतः मुलांपुढं उभं राहावं लागलं.

आता तांड्यावरचं छोटं वाचनालय मी सांभाळते. मुलं भराभर पानं उलटतात, मी थांबवते, एकेक ओळ त्यांच्या बोलीत सांगायला लावते. परवा एक मुलगी गोष्टीच्या मध्यावर घाबरून रडली. पोरीला आता पाठवणार नाही, हे सांगायला उद्या तिची आई येते आहे. याडीनं तेव्हा विचारलंच नसतं, शेवट ऐकायला मला परत शाळेत पाठवलंच नसतं तर, या विचारानं मला अजून घाम फुटतो. हे पत्र खणातच राहणार, म्हणून सांगते. गप्प बसायची तुमची हिंमत माझ्यात नाही. ती आई दारात आली की तिनं काही विचारायच्या आधीच मी शेवट सांगून टाकेन.