पायाळूचा पाय

रोहा,
५ जानेवारी १९९८

ती. ताईस,
मालूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळले आणि जीव भांड्यात पडला. पट्टी आहे तोवर फोडणीजवळ जाऊ नकोस. माझे अक्षर वाकडे आले आहे ते बोटांमुळे. वाताने सकाळी मूठच उघडत नाही. उन्हे अंगणात आली की मग कुठे पेन धरता येते.

आता मुद्द्याचे. मागच्या आठवड्यात धुतलेल्या तांदळाचे पातेले ओट्यावरून उतरवले. पातेले काही मोठे नव्हते, पण पाठीत कट्‌कन काहीतरी झाले आणि तेव्हापासून उठता-बसता डोळ्यांपुढे अंधारी येते. उसण भरली, असे सगळ्यांचे मत. आमच्या मोठ्या जाऊबाई धोंडुबाई म्हणाल्या, की सख्खी बहीण पायाळू असताना तेल कसलं चोळत बसलीस गो, तिचा पाय लावून घे, उसण गेलीच समज. मी म्हटले, ताईच्या डोळ्याला पट्टी आहे. तर म्हणतात, पायाळूला डोळा कशाला लागतो, पाय तर हाय ना! तेव्हा पट्टी सुटली की एखाद्या शनिवारी ये आणि माझ्या पाठीला तुझा पाय लाव. तेवढाच माझा हट्ट.

बाकी तब्येत छान आहे. चेहरा असा गोल भरला आहे की देवळात भेटतील त्या बायका विचारतात, काय खातेस. सगळी त्या पांढऱ्या गोळ्यांची कृपा. एक गंमत सांगते. हल्ली साडी नेसले की पायात येते, आणि वरच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरणीला हात पुरत नाही. सूनबाई मृणाली म्हणते, आई, तुम्ही जमिनीत चालल्यात. हसून हसून पाठ आणखी दुखली.

माझी आठवण ठेव, म्हणजे झाले.

तुझी,
मालू


पेण,
९ जानेवारी १९९८

चि. सौ. मालूस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी दिवसाला एकच पान लिहायची परवानगी दिली आहे. आज मी उद्याचेही पान वापरणार, कारण तुझे पत्र वाचून माझे डोके फिरले आहे.

म्हणे पाय लाव! आईच्या पोटातून येताना मी डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले, एवढाच माझा पराक्रम. तेवढ्यावर धरमतरच्या सगळ्या मिठागरांनी मला वैद्य ठरवले. मी सुट्टीत घरी आले की आपल्या ओटीवर ती कष्टाची माणसे पालथी पडून माझी वाट बघत, आणि बाबा मला हाक मारत. फ्रॉक सावरत मी एकेकाच्या पाठीवर पाय देत जायची. तिकडे कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाकीणबाईच्या आग्रहाखातर पाठीला पाय लावला, तर मदरने मला चॅपेलमध्ये गुडघ्यांवर उभे केले. घरी ज्या पायाला कुंकू लागायचे, तोच तिथे पापी ठरला. माझे मत मात्र दोन्हीकडे कोणी विचारले नाही. नोकरी लागल्यावर मी ते दुकान बंद केले, ते पुन्हा उघडणार नाही.

हे रागाने लिहिले आणि मग तुझे पत्र पुन्हा वाचले. मालू, साडी वाढत नसते. फळीही वर सरकत नसते. तू आणि मी एका उंचीच्या, एकमेकींचे परकर घालून वाढलो. पट्टी बदलताना मी हे डॉक्टरांना सहज सांगितले, तर त्यांचा हातच थांबला. बहिणीला बरीच वर्षे सांध्यांचा वात आहे का, ती कसल्या गोळ्या घेते, चेहरा एकदम गोल झाला का, असे एकामागून एक विचारू लागले. मग म्हणाले, आधी पाठीचा फोटो काढा. तोवर पाठीला ना तेल, ना चोळणे, ना कोणाचा पाय.

त्या गोळ्या कोणी दिल्या आणि कधीपासून घेतेस, ते उलट टपाली कळव. मी फोन करणार नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले, तारेला कोण कोण कान लावते ते मला माहीत आहे. घरच्या गोष्टी पाकिटातच बऱ्या.

नाथारावांना नमस्कार. बायकोचा फोटो काढायला त्यांना सवड मिळेल, अशी आशा आहे.

तुझी काळजी वाहणारी,
ताई


रोहा,
१४ जानेवारी १९९८

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आज संक्रांत. तिळगूळ पाकिटात घातला आहे. तुला गोड बोलायची फार गरज आहे.

तू पोस्टमास्तरांच्या बायकोच्या पाठीला पाय लावलास, हे मला ठाऊक आहे. नोकरीत असताना लावलास. साहेबाची बायको म्हणून दुकान उघडलेस आणि बहिणीला दार लावून घेतलेस. असो. लिहिणार नव्हते, पण लिहिले.

गोळ्यांचे विचारलेस. आमचे काळुराम दीर मला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते ना, त्यांनी दिलेल्या. त्यांनी थोडे दिवस घेऊन, कमी करत आणून, पुन्हा दाखवायला सांगितले होते. पण ताई, त्या गोळ्यांनी माझी मूठ मिटायला लागली. मी पुन्हा भाकरी थापली. जी गोळी माणसाला उठवून उभी करते, ती कोण सोडील? औषधाच्या दुकानात नाव सांगितले की देतात. परत मुंबईला गेलेच नाही. शिवाय पथ्यही कडक पाळते. वाताला वाईट म्हणून दूध, दही, सुकट सगळे सोडले आहे आणि उन्हातही फारशी जात नाही. आणखी काय करायचे माणसाने?

फोटो वगैरे नंतर बघू. आता कूस बदलतानाही तोंडातून ओरडा निघतो. हे रात्रभर शेजारी जागे बसतात, त्यांच्याकडे बघवत नाही. धोंडुबाईंनी वरसे गावातल्या विठूला सांगून ठेवले आहे. तो पायाळू आहे, भाताच्या गिरणीत पोती उचलतो, अंगाने चांगला दांडगा आहे. त्याने नीट भार देऊन पाय ठेवला की आत अडकलेले सुटते म्हणतात. येत्या शनिवारी दिवे लागायच्या आधी येणार आहे. तू रागावशील, पण दुखणे माझे आहे.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मालू


रोहा,
२१ जानेवारी १९९८

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आडवी पडून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

शनिवारी मी ओटीवर चटई टाकून पालथी झाले होते. विठूने पाय धुतला होता, धोंडुबाईंनी त्याला कुंकू लावले होते, दिवा लावला होता. त्याने माझ्या डोक्याशी उभे राहून देवाचे नाव घेतले, तेवढ्यात नाक्यावरचा किराणावाला अनवाणी धावत आला. धापा टाकत ह्यांना म्हणाला, की पेणहून तुमच्या मेव्हणीचा फोन हाय, ती ठेवायलाच तयार नाय, तिथे सगळं गिऱ्हाईक खोळंबलंय. विठूला थांबायला सांगून हे गेले.

तू काय बोललीस ते ह्यांच्या आधी नाक्याला कळले. की पाय पडला तर उसण नाही, कणा जाईल. आणि तसे झाले तर नाथाराव, तुम्ही तिला जन्मभर खांद्यावर न्यायची तयारी ठेवा. हे परत आले ते पांढरेफटक होऊन. विठूने मुकाट्याने पाय चटईवरून बाजूला घेतला. म्हणाला, माझ्या पायानं कोनाचं वाईट व्हायला नको. चहा घेऊन गेला बिचारा. धोंडुबाई मात्र तेव्हापासून आमच्या दारात फिरकलेल्या नाहीत.

सोमवारी फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडाला धरून ह्यांना दाखवला. मणका एरवी ठोकळ्यासारखा असतो म्हणे. माझे दोन मणके पुढून दबून पाचरीसारखे झाले आहेत. एक जुना, माझ्या नकळत कधीतरी मोडलेला, आणि एक त्या पातेल्याचा. ह्यांनी शनिवारचे सांगितले तेव्हा डॉक्टरांनी विठू अंगाने कसा आहे ते विचारले, आणि मग तो फोटो पुन्हा उजेडाला धरून बघितला.

ते पुन्हा बघणे माझ्या मनातून जात नाही. ताई, मला शिंकायचीही भीती वाटते. आतून सगळी हाडे अशीच झाली असतील का ग? एका पातेल्याने मोडले, मग नातवाला उचलताना काय होईल? त्या पांढऱ्या गोळ्यांनीच हाडे खाल्ली म्हणे. नदीत फेकून द्याव्यात असे वाटले, पण डॉक्टरांनी बजावले आहे, की अंगाला सवय झाली आहे, एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. ते सांगतील तशा कमी करायच्या. म्हणजे जिने खाल्ले, तिलाच रोज गिळायचे.

तू फोनवर बोललीस, तेही सगळ्यांसमोर. ते मी विसरणार नाही.

तुझ्या मायेतली,
मालू


पेण,
२७ जानेवारी १९९८

चि. सौ. मालूस,
अनेक आशीर्वाद.

बूथवर नंबर फिरवताना माझे बोट भोकातून दोनदा निसटले. जन्मभर लोकांचे अर्जंट कॉल जोडले, माझा स्वतःचा एक जोडायला तीनदा नंबर फिरवावा लागला. रस्त्याच्या धुळीत धावपळ केली म्हणून डॉक्टरांनी पट्टी आणखी वाढवली आहे. वाढवू देत.

मी इथल्या हाडांच्या डॉक्टरांनाही गाठले. ते म्हणतात, हा वात नुसते सांधे धरत नाही, तो हाडांतला चुनाही खातो. वरून वर्षानुवर्षे त्या गोळ्या, त्यांनीही तेच केले. त्यात पाळी गेलेली, घरात बसणे, आणि तुझे ते पथ्य! दूध सोडले, दही सोडले, सुकट सोडली. ज्याने हाडाला काही मिळाले असते, ते निवडून निवडून सोडलेस. ज्या शहाण्याने हे पथ्य सांगितले, त्याला माझ्यासमोर उभा कर.

मला सगळ्यांचाच राग आला आहे. परत या म्हणून सांगितले, पण का ते सांगितले नाही, त्या मुंबईच्या डॉक्टरांचा. चणेफुटाणे दिल्यासारख्या गोळ्या देणाऱ्या दुकानदाराचा. सुजलेल्या चेहऱ्याला तब्येत म्हणणाऱ्या तुझ्या देवळातल्या बायकांचा. तुझा नाही. तुझी मूठ मिटली, तू भाकरी थापलीस, ह्यावर मी काय बोलू? पोस्टमास्तरांच्या बायकोबद्दल लिहिलेस ते खरे आहे. तेव्हा नाही म्हणता आले नाही. तुला नाही म्हणता आले, कारण तू माझी आहेस.

सगळी हाडे तशीच असतील का, हे मुंबईत यंत्रावर मोजता येते. जा आणि मोजून घे. न मोजता घाबरत राहू नकोस. ते काम मी इथे करते आहे, दोघींनी करायला नको.

नाथारावांना सांग, ते फोनवर शहाण्यासारखे वागले.

तुझी,
ताई


रोहा,
४ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मुंबईला जाऊन आलो. यंत्रावर नुसते पडून राहायचे असते, काही दुखत नाही. दुखते ते नंतर, डॉक्टर बोलतात तेव्हा. माझी हाडे माझ्यापेक्षा खूप म्हातारी आहेत म्हणाले. पण त्यांनी हात टेकलेले नाहीत. वातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे दुसरे औषध दिले आहे, म्हणजे पांढऱ्या गोळ्या उतरवता येतील. चुन्याच्या गोळ्या आहेत, कमरेला पट्टा आहे. आणि हाडांसाठी एक नवी गोळी निघाली आहे, तिचा थाट नव्या जावयासारखा. ती उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास तिच्या मानासाठी ताठ बसून राहायचे. आडवे व्हायचे नाही.

हे सगळे जमते आहे. एक जमत नाही. रोज उन्हात चालायचे सांगितले आहे. बसून राहिले तर हाडे आणखी विरतील, आणि पडले तर खुबा मोडेल. ह्या दोन्हींच्या मध्ये मी उंबऱ्यावर उभी आहे. खरेच सांगते, रोज चपला घालते, उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन चपला काढते. हे बरोबर येतो म्हणतात, पण ते चार पावले पुढे जाऊन मागे वळून बघतात. मृणालीच्या कडेवर बाळ.

काल धोंडुबाई आल्या. रुसवा सोडून सुकटीची चटणी घेऊन आल्या. पट्टा बघितला, गोळ्या बघितल्या आणि म्हणाल्या, एवढं सगळं केलंस गो, पण तुझ्या बहिणीचा पाय काय लागला नाय. मी हसले. त्या गेल्यावर मात्र रडू आले.

तर ताई, पुन्हा तोच हट्ट. पाय लाव. पाठीला नको, माझ्या शेजारी लाव. कुंडलिका नदीच्या काठापर्यंत. मी पाऊल टाकीन तेवढ्याच वेगाने.

वाट बघणारी,
मालू


पेण,
८ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. मालूस,
आशीर्वाद.

पट्टी सुटली. मंगळवारी सकाळच्या गाडीने येते आहे. चपला घालून उंबऱ्यावर उभी राहा, काढू नकोस.

धोंडुबाईंना सांग, पायाळू येते आहे. दोन्ही पाय आणते आहे, आणि दोन्ही जमिनीवरच ठेवणार आहे.

ताई