काळ्या कड्या, तांब्याची तार

गुरु. ९ ऑक्टो. १९५८, मुळशी
काल दादाचं तेरावं. मला अजून रडू आलं नाही. सगळे म्हणतात, इंजिनिअर झालाय, धीराचा आहे. धीर कसला, आत काही हलतच नाही.

शुक्र. १०
मुंबईहून चौकट घेऊन आलोय. आमच्या संस्थेच्या गणकयंत्राची स्मरणशक्ती म्हणजे हीच. मोहरीएवढ्या काळ्या कड्या, प्रत्येकीतून तीन बारीक तारा ओवायच्या. साहेबांना सोमवारी हवी. दिवसभरात दोन ओळी, त्यातली एक उलटी. उसवली.

शनि. ११
वहिनी पडवीत बघत उभी. दादा गेल्यापासून आज पहिल्यांदा बोलली. "भावजी, तार ढिली हाय तुमची." माहेरी गावभरच्या बायकांच्या काळ्या मण्यांच्या पोती ओवायची ती. शेजारी बसली, जेवणाआधी चार ओळी. भिंगसुद्धा लागलं नाही.

रवि. १२
काका आले. विधवेनं काळे मणी हातात धरायचे का, म्हणून बोलले. दहाव्याला त्यांनीच तिचे मणी तोडायला लावले होते. वहिनीनं मान वर केली नाही. "मणी न्हाईत त्ये, मामंजी. यंत्राचं हाय." ओवत राहिली. मी बोलायला हवं होतं.
दुपारी चौकट पुरी.

सोम. १३, मुंबई
तपासणी. चुका तीन, तिन्ही माझ्या ओळींत. बाकीचं कोणी केलं, साहेबांनी विचारलं. सांगितलं. म्हणाले, घेऊन या त्यांना, नोकरी देतो. राहायची सोयही होईल.

शनि. १८, मुळशी
काकांचं एकच, घरची सून मुंबईला जाणार नाही. दोनदा समजावलं. वहिनी चुलीपाशी सगळं ऐकत होती. तू काय म्हणतेस, विचारलं. भाकरी उलटली फक्त.

रवि. १९, एसटीत
थांब्यावर पोचवायला आली. म्हणाली, "दुसरी चौकट आनलीय न्हवं? हितं ठिवून जावा."
नियमात बसत नाही. दिली. कड्यांची डबी, रीळ, कातर, सगळं. येणार का, पुन्हा विचारलं.
"आदी ही पुरी हुंद्या."
खिडकीतून पाहिलं, काका पारावर बसलेले. मला वाटलं, पदराखाली झाकून नेईल. नाही. चौकट उघडीच छातीशी धरून त्यांच्या समोरून चालत निघाली. काका उठून उभे राहिले.
तेवढ्यात एसटी वळली.