डेप्युटी नंबर दोन अजून जिवंत आहे

१२ जानेवारी १९९३, मंगळवार

डॉयलच्या सलूनमध्ये दाढी करत असताना कळलं. 'सॉल्ट फोर्क'चा दुसरा भाग निघतोय. शूटिंग पुन्हा आपल्याच काउंटीत, मे महिन्यात. तसाच उठलो. एकाच गालाची झाली होती. डॉयल म्हणाला, अरे लायल, निदान साबण तरी पुसून जा. पण जुन्या टेक्सासात गुळगुळीत गालांचा डेप्युटी कुणी पाहिलाय? मेपर्यंत वस्तरा बंद.

पाच वर्षांपूर्वी ही सिरीज टीव्हीवर चार रात्री चालली, तेव्हा अख्खा देश रडला होता. मी त्यात शेरीफचा डेप्युटी नंबर दोन. एक वाक्य होतं: शेरीफ, ते खालच्या वाटेनं गेले. तिसऱ्या रात्री मला गोळी लागते आणि मी ओटिसवरून थेट पाण्याच्या हौदात पडतो. ओटिस म्हणजे आमचाच घोडा. पडतो, एवढंच. मेला असं कुणीही म्हणत नाही. लोक आपले धरून चालतात.

निश्चय: दाढी नाही. बीअर नाही. रोज तासभर रपेट. निर्मात्यांना पत्र.

१३ जानेवारी

थंडी. रपेट उद्यापासून. बीअरची बाटली आधीच उघडलेली होती, ती धरायची नाही.

३० जानेवारी, दुपारी

पत्र झालं. अकरा पानं. डेप्युटी कसा वाचला ते सगळं लिहिलंय. एक विधवा त्याला हौदातून ओढून काढते, सात वर्षं शुश्रूषा करते, मग तो शेरीफ होऊन परत येतो. नेडीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाकी ठीक आहे, पण ही विधवा कोण? म्हटलं, अजून ठरलेलं नाही. म्हणाली, ठरव लवकर, म्हणजे तुझे गुडघे कुणी चोळायचे ते मलाही कळेल. लग्नाला तीस वर्षं झाली, बायकोला कथेतलं ओ की ठो कळत नाही.

१७ फेब्रुवारी

उत्तर नाही. अकरा पानं म्हणजे वाचायला वेळ लागणारच.

दाढी पांढरी निघाली. डेप्युटी पस्तिशीचा. बुटाचं पॉलिश लावून पाहिलं. रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी माझा गाल थोपटला आणि मग सगळं प्रवचन काळ्या हाताने दिलं.

रपेट केली. ओटिस एकवीस वर्षांचा, मी बासष्टचा. दोघांचे मिळून पाय सहा, त्यांतले धड तीन. फाटकापर्यंत गेलो. तिथे दोघांनीही विचार केला आणि परत आलो. फार थकवा येतो हल्ली. ओटिसला.

१८ मार्च, सकाळी ९

फोन आला! कॅलिफोर्नियाहून, रोझलिंड टेग नावाच्या बाई. नेडीनने घेतला. त्यांनी विचारलं, तो तांबडा घोडा अजून आहे का? नेडीन म्हणाली, आहे. त्यांनी विचारलं, चालतो का? म्हणाली, मनात आलं तर. पुढच्या महिन्यात बघायला येतो म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझ्याबद्दल एक शब्द नाही.

धंद्याची ही रीतच असते. आधी घोड्याचं विचारायचं, म्हणजे माणूस भाव खात नाही. नेडीनला हे समजावलं. तिने चिलीच्या, मटणाच्या रश्श्याच्या, पातेल्यावर झाकण ठेवलं. जोरात.

५ एप्रिल

आले. रोझलिंडबाई, दिग्दर्शक, आणि वॉनेटा नावाच्या एक वयस्कर बाई. मागच्या शॉटमध्ये कुणाच्या टोपीवर किती धूळ होती याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. ओटिसचे दात पाहिले, खूर पाहिले, चारी बाजूंनी फोटो काढले. मी माझं वाक्य म्हणून दाखवलं. थँक यू म्हणाले. पुन्हा म्हणून दाखवलं. मग विधवेची कथा सांगितली.

वॉनेटाबाईंनी आल्बम उघडला. त्यात मी. हौदात, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: डेप्युटी २, मृत. म्हटलं, मी श्वास घेत होतो. त्या म्हणाल्या, हो मिस्टर प्रूइट, त्यापायीच तो शॉट सहा वेळा घ्यावा लागला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, याची तर मेल्यावरही जाईना, असं नेडीन त्यांना म्हणाली. बशी देताना हसत होती. तिच्या पिकान घातलेल्या गोड पेस्ट्रीच्या पहिल्या दोन फोडी त्यांना.

मग कथा कळली. पहिल्याच रात्री ओटिस रानोमाळ भटकत आपल्या धन्याच्या थडग्यापाशी येतो आणि मान खाली घालून उभा राहतो. विचारलं, कुणाच्या? म्हणाले, तुमच्या. म्हणजे अख्खा सीन माझ्यावरच लिहिलाय.

११ मे, संध्याकाळी

अंगात त्राण नाही, तरी लिहितो.

टेकडीवर थडगं केलेलं. लाकडी क्रूस, त्यावर फक्त 'डेप्युटी'. नाव कुणी ठेवलंच नव्हतं. ओटिसला सोडलं. तो थडगं ओलांडून सरळ माझ्याकडे आला. मी कॉफीच्या टेबलापाशी उभा होतो. तीनदा सोडलं, तीनदा आला. मातीवर ओट टाकून पाहिले, तर मचामचा खायला लागला. दिग्दर्शक ओरडला, अरे, याला शोक करायला बोलावलंय, जेवायला नाही.

रोझलिंडबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग थडग्याकडे पाहिलं. म्हणाल्या, मिस्टर प्रूइट, आत झोपाल का?

खड्डा केला. वर ताडपत्री, त्यावर बोटभर माती, क्रुसामागे श्वासापुरतं भोक. पडलो. ओटिसचे खूर ऐकू आले. वर येऊन थांबला. भोकातून त्याचा गरम श्वास माझ्या तोंडावर आला. एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. म्हटलं, शेरीफ, ते खालच्या वाटेनं गेले.

कट.

दिग्दर्शक गुडघ्यावर बसला आणि भोकात तोंड घालून म्हणाला, साहेब, हात जोडतो, मरा.

दुसऱ्या वेळी गप्प पडलो. ओटिस हुंगत राहिला. कुठे गेला हा, असं हुंगत राहिला. नुसतं वारं ऐकू येत होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा वाटलं, मेलोच असेन. वाईट वाटलं. पण माझ्यापेक्षा जास्त ओटिसचं वाटलं.

बाहेर काढलं तेव्हा सगळे डोळे पुसत होते. नेडीनही. म्हणाली, तीस वर्षांत एवढा वेळ तू कधी गप्प बसला नाहीस, मला भीतीच वाटली. मग माझ्या दाढीतली माती झटकत बसली. बराच वेळ.

१३ मे

डॉयलकडे गेलो. त्याच खुर्चीत बसलो. पहिल्या गालाला साबण लावता लावता त्याने विचारलं, मग शेवटी काय झालं तुझ्या डेप्युटीचं?

म्हटलं, मेला. पाच वर्षांपूर्वीच.

तो म्हणाला, तेच तर गावात सगळे सांगत होते. मग दुसऱ्या गालाला साबण लावला.