धाकट्याच्या वाटणीची मेंदी

उस्कुदार, इस्तंबूल

प्रिय सेरदार,

तू बरा असशील, पोरं बरी असतील, श्टुटगार्टात अजून थंडी असेल. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर जरा अवघड विषय निघाला की तुझं 'दादा, आवाज तुटतोय' सुरू होतं, आणि इथे आई शेजारच्या सोफ्यावर बसून सगळं ऐकत असते. म्हणून कागद घेतलाय. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नकोस. तू कुर्बानीच्या ईदला येणार हे कळल्यापासून तुझ्या नीलगूनवहिनीने उशांचे अभ्रे धुवायला काढलेत, कुठला कसाई, किती मटण, याची बोलणी चाललीत. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटतेय. हे पत्र जरा लांबेल. मध्येच ठेवू नकोस.

माझ्या डोक्याची बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. होय, मी केस लावून घेतले. माझा धंदा तुला माहीत आहे. केस लावायला आलेले परदेशी पाहुणे विमानतळावरून दवाखान्यात न्यायचे, आणि दोन-तीन दिवसांनी कपाळाला पट्टी बांधलेले, सुजलेल्या डोळ्यांचे परत सोडायचे. इतकी वर्षं मी गुळगुळीत डोक्यानेच गाडी चालवली. आमच्या ऑफिसातला बुरहान येताजाता म्हणायचा, टकल्याकडे मलम असतं तर आधी स्वतःच्या डोक्याला चोळलं असतं, तुला बघून गिऱ्हाईक विमानातच परत बसेल. मी हसायचो. केसांचं मला कधी काही वाटलं नाही. आपल्याकडच्या पुरुषांचं डोकं चाळिशीत वरून मोकळं होतं आणि कानांच्या वर तेवढी झालर उरते, हे लहानपणापासून बघत आलोय. म्हणून मी स्वतःच जेव्हा डॉक्टरांपुढे जाऊन बसलो तेव्हा बुरहानची खात्री झाली की लेवेंतची कुठेतरी मैत्रीण असणार. नीलगूननेही विचारून घेतलं. हसत विचारलं, पण विचारलं.

खरं कारण आई. मागच्या हिवाळ्यात ती मला 'अहो' म्हणायला लागली. पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो. विसराळूपणा वाढत जाईल, नावं पुसली जातील, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण ती नाव विसरली नव्हती रे, तिला माझ्या जागी बाबा दिसत होते. एकदा सकाळी मी वरच्या फळीवरची ऑलिव्हची बरणी काढायला हात वर केला, आणि ती दोन्ही हात डोक्यावर धरून ओट्याशी खाली बसली. म्हणाली, "अहो, पोरं जागी आहेत. आज नको." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या घरातून आपण या घरात आलो, भांडी बदलली, पडदे बदलले, आणि ते वाक्य जसंच्या तसं तिच्याजवळ होतं. मी बरणी धरून उभा राहिलो आणि मला हात खाली घ्यायचीही भीती वाटली.

त्यानंतर कुलपात किल्ली फिरली की ती आतल्या खोलीत जायची. पाव उशीखाली लपवायची. नीलगूनला ती शेजारीण समजते, तिच्या हातून दोन घास खायची, माझ्या हातून पाणीसुद्धा नाही. अंगावरचं मांस उतरलं. मी माझ्याच घरात चोरासारखा वावरायला लागलो, जिन्यातूनच खाकरत, दोन्ही हात तिला दिसतील असे पुढे धरून. मिशी काढली. बाबांसारखा तपकिरी कोट होता तो देऊन टाकला. लिंबाचं कोलोन बंद केलं, कारण त्यांच्या अंगाला तोच वास असायचा. लोकरीची टोपी घातली तर बाबाही हिवाळ्यात तशीच घालायचे. शेवटी नकली केसांचा टोप आणला, तर "आज कुणाचे केस उपटून आणलेत?" म्हणून ती आणखीच कोपऱ्यात सरकली. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नाही. आणि आरशाचं तर विचारूच नकोस. दाढी करताना मी फक्त हनुवटीकडे बघायचो. एकदा तिने गोळ्या पुन्हापुन्हा थुंकल्या आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की नीलगून धावत आली. तो आवाज तुलाही ओळखू आला असता. तेव्हा ठरवलं, हे डोकं बदलायचं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. मागचे केस विरळ आहेत, खात्री देत नाही, लावलेले आधी गळतील, मग नवे येतील, सगळं दिसायला वर्ष लागेल. आईजवळ वर्ष आहे का, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता, ते केसांचे डॉक्टर. मशीनने सगळं डोकं साफ केलं, झालरीसकट. मग पालथं झोपवून टाळूत बधिर करायच्या सुया टोचल्या. मी आजवर शेकडो माणसांना मुंगी चावल्यासारखं वाटतं म्हणून आत पाठवलंय, त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. नंतर दुखत नाही, नुसता आवाज येतो, कडक बर्फावरून कुणी चालावं तसा. दोघी मुली मानेमागून एकेक केस मुळासकट काढत होत्या आणि एकीच्या लग्नाच्या पडद्यांबद्दल बोलत होत्या. मी तोंड खाली घालून पडलो होतो आणि मला सपाटून भीती वाटली. ऑपरेशनची नाही. वाटलं, मागचे काढले आणि पुढे रुजले नाहीत, तर हे डोकं कायमचं बाबांचं. आणि समजा रुजले, रान माजल्यासारखे आले, आणि तरीही ती मला बघून खाली बसली, तर? मग तिला घाबरवणारं माझ्या डोक्यावर नाही, आत कुठेतरी आहे, आणि तिथलं काढायला कुणाकडे जायचं? दुपारी मसुराचं सूप आणि भात आला, तो मी तसाच परत केला. त्यातली एक म्हणाली, "काका, एवढं घाबरलेलं गिऱ्हाईक पाहिलं नाही, आणि तुम्ही तर घरचे."

त्या अवतारात घरी जायचं धाडस झालं नाही. चेहऱ्याची सूज उतरेपर्यंत बुरहानकडे राहिलो, बसल्या बसल्या झोपलो. मग एका दुपारी घरी गेलो. खाकरलो, हात पुढे धरले, दार ढकललं. आई समोरच होती, पळायलाही वेळ मिळाला नाही तिला. ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मी हात तसेच पुढे धरून उभा. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती म्हणाली, "लेवेंत, केस कापलेस? बोलावणं आलं तुझं?"

तुझ्या लक्षात आलं ना? तिला मी फौजेत निघालेला पोरगा दिसलो. विशीतला, आत्ताच न्हाव्याकडून आलेला. खपल्यांवर एवढंच म्हणाली की मेल्या न्हाव्याचा हात जड आहे. तिने माझं डोकं दोन्ही हातांनी छातीशी ओढलं, मागून नीलगून ओरडली की मुळं हलतील, मुळं हलतील, आणि मी म्हटलं हलू देत. किती महिन्यांनी तिने मला हात लावला होता. मग तिने मेंदी भिजवायला सांगितली. कुर्बानीच्या मेंढ्याला लावतात, नवरीला लावतात, आणि फौजेत निघालेल्या पोराला. माझ्या उजव्या तळहातावर मेंदीचा गोळा ठेवून तिने मूठ मिटवली, फडकं बांधलं आणि रडली. मी खरोखर फौजेत, कार्सच्या छावणीला निघालो होतो तेव्हा रडली होती तशीच. तू तेव्हा आठ वर्षांचा होतास, माझ्या ट्रंकेवर बसून उतरायला तयार नव्हतास.

थोडक्यात काय, कोपऱ्यावरच्या यावुझ न्हाव्याच्या मशीनने जे झालं असतं त्यासाठी मी डोक्याची चाळण करून घेतली. यावुझला सांगितलं तर तो खुर्चीत बसून हसला. पण माझं हसू फार टिकलं नाही. काही आठवड्यांनी कानांवरची झालर वाढली आणि सकाळी चहा देताना पुन्हा 'अहो' ऐकू आलं. कप तिथेच ठेवून मी यावुझकडे पळालो. तेव्हापासून दर आठवड्याला जातो. लावलेले केस ठरल्याप्रमाणे गळले, आणि आता खरंच उगवलेत रे, कपाळावर बारीक बारीक, काळे. डॉक्टर खूश आहेत, त्यांना माझा फोटो भिंतीवर लावायचाय. आणि मी ते उगवले की छाटतो. यावुझ मशीन हातात धरून म्हणतो, पीक वर आलं की नांगर फिरवणारा शेतकरी पहिल्यांदाच बघतोय. तळहात सदा केशरी असतो, म्हणून बुरहान मला नवरीबाई म्हणतो.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. आधी ती मला घाबरायची, आता माझ्यासाठी घाबरते. तिचा पोरगा रोज निघालेला असतो. मी कामाला निघालो की दाराशी रडते, परतलो की सुट्टीवर आलास म्हणून पाव भरवते, आणि माझ्या हातून खाते. यातली कुठली भीती बरी, मला ठरवता येत नाही. वजन वाढलंय तिचं, एवढं खरं.

आता जे लिहायचंय ते लिहितो. परवा मेंदी बांधताना तिने अर्धा गोळा वाटीतच ठेवला आणि वाटीवर बशी झाकली. मी विचारलं, हा कुणाला? ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "धाकट्याला. त्याचं बोलावणं कधी येणार रे? तुला तुझे बाबा हात लावत नाहीत, तू त्यांच्याएवढा झालास. तू गेलास की त्याच्याकडे वळतात. त्याचंही नाव लावून दे ना तुझ्या साहेबाला सांगून." सेरदार, मी कार्सहून परत आलो तेव्हा तुझा हात गळ्यात बांधलेला होता. तुतीच्या झाडावरून पडलास, असं सगळ्यांनी सांगितलं. तूही सांगितलंस. आणि मी तुला माकड म्हणून चिडवलं. तुतीच्या झाडाचं मी तुला काही विचारणार नाही. तुला कधी सांगावंसं वाटलं तर मी गाडी बाजूला उभी करून ऐकेन. पण तू इथे इतकी वर्षं का येत नव्हतास, जर्मनीतल्या कामाचं निमित्त दर ईदला कसं निघायचं, हे मला मेंदीच्या वाटीकडे बघताना कळलं.

मागच्या महिन्यात तू तुझ्या धाकट्या लेकीच्या वाढदिवसाचा फोटो पाठवलास. फोनवर कायम टोपी घालतोस, त्या फोटोत नव्हती. सेरदार, तू माझ्यापेक्षाही जास्त बाबांसारखा दिसतोस. मी फोन पालथा ठेवला, आईने बघू नये म्हणून. तेव्हापासून मला एकच चित्र दिसतं. तू पेट्या घेऊन दारात उभा आहेस, बेल वाजवतोस, ती दार उघडते आणि तुझ्यासमोर डोक्यावर हात धरून खाली बसते. तुझ्यासमोर, ज्याच्यासाठी ती आजही मेंदी झाकून ठेवते. ते तुला सोसणार नाही, आणि मग तू कधीच येणार नाहीस. म्हणून हे पत्र. विमानतळावर मीच येईन, टकली आणायची मला सवयच आहे. पण तिथून घरी यायचं नाही. आधी यावुझकडे जायचं, झालर उतरवायची, सगळं डोकं साफ करायचं. तू एकटा कशाला, मीही तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन. मग वर जाऊ, आणि तू उजवा हात पुढे कर. ती विचारेल, बोलावणं आलं का रे तुझं? तू हो म्हण. एवढंच म्हण. तू त्या घरातून सुटलास, हे तिला एकदा तिच्या डोळ्यांनी बघू दे.

तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके घेतो.

तुझाच,
लेवेंतदादा